गाळून उरलेला आवाज

त्या चैत्रात मी टेंभीखोऱ्याला गेले ते एका साध्या कामासाठी. सर्व्हरवर चालणाऱ्या एका प्रोग्रामची जागा बदलायची होती, बस्स. दोन-चार दिवसांत परत येईन, असं आईला सांगून मी स्कूटी काढली. राजूर घाट उतरताना सकाळचा गार वारा तोंडावर येत होता आणि मनात काहीही वावगं नव्हतं.

मोताळ्याच्या अलीकडे एक कच्चा रस्ता डोंगराकडे फुटतो. तो जिथं संपतो तिथं टेंभीखोरा. चाळीसेक घरं असतील. त्यापुढं जंगल. मोहाची झाडं, कोरडे नाले, कपारी, आणि कपारींत अस्वलं. चैत्रात मोह गळायला लागला की पहाटे बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि अस्वलंही त्याच झाडाखाली येतात. दोघांनाही तीच फुलं हवी असतात. दरवर्षी कोणाचा तरी चेहरा फाटतो.

एका संस्थेनं गावात एक केंद्र उघडलं होतं. दोन खोल्या, पुढं पडवी. जंगलातल्या झाडांवर माईक बांधले होते. माईकवर येणारा आवाज केंद्रातल्या सर्व्हरवर, डेटाबेसमध्ये जमा व्हायचा. तिथून तो पुण्यातल्या एका कॉम्प्युटरकडे जायचा, तिकडे आवाज ओळखला जायचा, आणि उत्तर परत आलं की त्या बाजूचा भोंगा वाजायचा. कागदावर ठीक होतं. पण गावात नेट धड नव्हतं.

"उत्तर येईलोक अस्वल मोह खाऊन, ढेकर देऊन, घरी जाऊन झोपते," असं जाकीर मला पहिल्याच दिवशी म्हणाला.

जाकीर केंद्राचा तंत्रज्ञ. मोताळ्यात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद करून तो इथं लागला होता. दांडगा माणूस, पण झाडावर खारीसारखा चढायचा. त्याची बायको नसीमा रोज डब्यात माझ्यासाठीही दोन चपात्या जास्त घालायची. मी तिला पाहिलंही नव्हतं, तरी तिच्या हाताची वांग्याची भाजी मला ओळखीची झाली होती.

केंद्रावर तिसरी होती पंचफुलाबाई. झाडलोट आणि संध्याकाळचा स्वयंपाक तिच्याकडे. पहाटे ती मोह वेचायला जायची, जळणासाठी कुऱ्हाड सोबत घेऊन. तिला डावा कान नव्हता. कानाच्या जागी आणि वर डोक्यापर्यंत नुसतं चकचकीत कातडं. मी तिकडे बघायचं टाळते हे तिच्या लक्षात आलं.

"पाह्य ना पोरी, लाजतं कायले?" ती म्हणाली. "अस्वलीनं एकाच फटक्यात नेला. मी कान शोधत बसली होती पाल्यात, अन् बाया मले ओढून राह्यल्या होत्या. मले वाटे, सापडला तं डॉक्टर शिवून देईन."

मी तिला मावशी म्हणायला लागले.

माझं काम असं होतं. आवाज ओळखण्याची रीत पुण्याहून उचलून थेट डेटाबेसच्या पोटात बसवायची. दळण जर घरात आहे तर ते दुसऱ्या गावच्या चक्कीवर न्यायचं कशाला, जातंच घरात मांडायचं. मी फंक्शन लिहून आणलं होतं. आवाज आला रे आला की ते आपोआप चालणार. आधी तो आवाज गाळून घेणार. वारा, पाला, झाडांवरचे किडे, पाखरं, दूरच्या मोटरसायकली, सगळं काढून टाकणार. जे उरेल ते अस्वल, रानडुक्कर, बिबट यांच्या आवाजांशी ताडून बघणार. जुळलं तर भोंगा. न जुळलं तर 'अनोळखी' म्हणून बाजूला ठेवणार, आणि अनोळखी आवाजांत एकासारखा एक असला तर त्यांचा गट करणार.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ते आवाजात काही घालत नव्हतं. फक्त काढत होतं.

फंक्शन चालू केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत नाल्यावरच्या माईकनं अस्वल ओळखलं. भोंगा लगेच वाजला. मी पडवीत उड्या मारायच्या बाकी ठेवल्या होत्या. नाल्याकडून बायका टोपल्या सावरत धावत आल्या, सगळ्या धडधाकट. जाकीरनं माझ्या हातावर टाळी दिली.

मग आम्हाला गावातून माणसं धावताना दिसली. नाल्याकडे. हातांत काठ्या, कुऱ्हाडी, एकाच्या हातात भाला.

आम्ही मागे धावलो. पोचलो तेव्हा अस्वलीण कपारीत पळाली होती. पिल्लू मागे राहिलं होतं. मांजराहून मोठं, कुत्र्याएवढं असेल. नाल्याच्या वाळूत ते कोंडलं होतं आणि लोक त्याला मारत होते. ते माणसाच्या लेकरासारखं रडत होतं. जाकीर मध्ये घुसला. "अबे लेकरू हाये ते! सोडा!" तो एकाची काठी धरून ओढत होता. त्याच्याच पाठीत एक बसली. कोणीतरी भाला पिल्लाच्या पोटात घातला आणि वाळूत दाबून धरला. पिल्लू भाल्याभोवती फिरत राहिलं. ते थांबल्यावरही लोक मारत होते. दोन वर्षांपूर्वी ज्याचा बाप अस्वलानं मारला होता, तो माणूस रडत रडत मारत होता.

वर कपारीतून अस्वलिणीचा आवाज येत होता. लांबच लांब, एकसारखा. मी कानांवर हात ठेवले, पण तो हातांतून आत येत होता.

सगळे गेल्यावर जाकीर मोहावर चढला आणि भोंग्याची बॅटरी त्यानं काढली. मी खाली उभी होते. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. माईक तसाच चालू होता. त्याचा हिरवा दिवा पाल्यातून दिसत होता.

"माणसं वाचवाले लावला होता भोंगा," खाली उतरून तो म्हणाला. "ह्यायनं त्याचा शिकारीचा हाका केला. आता वाजत नाई तो."

दुपारी मी केंद्रात एकटीच बसले होते. बाहेर ऊन असं, की पडवीचा पत्रा कडकडत होता. काहीतरी करायचं म्हणून मी फंक्शननं काय काय ओळखलं ते बघत होते. अनोळखी आवाजांत एक गट तयार झाला होता. दोन-तीन नव्हे, बरेच. सगळे नाल्यावरच्या माईकचे. पिल्लू मारलं त्याचे असतील, असं वाटून मी ते बघणार नव्हते. पण वेळ त्यानंतरची होती. जाकीर झाडावर होता आणि मी खाली होते, त्या वेळेची.

मी हेडफोन लावला.

आधी काहीच नव्हतं. मग दुरून, विहिरीच्या तळाशी असावं तसं, कोणीतरी धापा टाकत होतं. मग काहीतरी ओलं फाटल्यासारखं. आणि मग एक पुरुष किंचाळला. त्यामागं गुरगुर, हाड कडकन वाजल्यासारखा आवाज, आणि तोच माणूस, तोंडात काहीतरी भरल्यासारखा, पळा म्हणत...

"पया ताई... पया..."

मग बाईचा आवाज. जिवाच्या आकांतानं. "मावशी, कुऱ्हाड! कुऱ्हाड आणा!"

मी हेडफोन ओढून फेकला. पुढचं ऐकलं नाही.

जाकीर पाणी प्यायला आला तेव्हा मी अजून तशीच बसले होते. ऐकलेलं सांगितल्यावर त्याला वाटलं, मागे राहिलेल्या कोणाला अस्वलिणीनं गाठलं. आम्ही नाल्यावर धावत गेलो. वाळूत पिल्लाचं रक्त वाळून काळं पडलं होतं, त्यावर माश्या. दुसरं काही नव्हतं. गावात घराघरांत विचारलं. सगळे जागेवर होते.

परत येऊन मी मूळ आवाज लावला, न गाळलेला, माईकवरून आला तसा. पाला सळसळत होता. किडे किरकिरत होते. जाकीरची चप्पल झाडाला घासल्याचा आवाज होता, माझी एक उचकी होती. बाकी शांत. मग मी तोच तुकडा फंक्शनमधून काढला. वारा गेला, पाला गेला, किडे गेले, आम्ही दोघं गेलो... आणि तळाशी ते होतं.

जाकीरनं हेडफोन लावून ऐकलं. त्याचा चेहरा हळूहळू मातीसारखा झाला. त्यानं हेडफोन काढून टेबलावर अगदी हळू ठेवला.

"ताई," तो म्हणाला, "हा आवाज माहा हाये."

"असं काही नसतं. यंत्र आहे, चुकतं."

"माहा आवाज मले समजत नाई का? अन् ती बाई..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ती तुमी हा."

आपला आवाज बाहेरून ऐकला की ओळखू येत नाही. त्यानं सांगितल्यावर मात्र मला तो ओळखू आला. पंचफुलाबाईला त्या गावात मावशी म्हणणारी मी एकटीच होते.

पुढं काय आहे, ते आपण ऐकू, असं मी म्हटलं. तो म्हणाला, नको. मग जरासं हसला. "मी नाल्यावर जातच नाई ना. विषय संपला."

मला ते पटलं. त्याला घरी पाठवलं. पंचफुलाबाईला यातलं काही सांगितलं नाही. तिनं भाकरी केली, मी खाल्ली.

सकाळी सूर्य डोंगरावर आला होता. जाकीर मोताळ्याहून नुकताच आला होता, गाडी लावत होता. मी पडद्यावर पाहिलं आणि त्याला हाक मारली. तो आत आला, माझ्या खांद्यावरून त्यानं वाचलं. अस्वल. नाल्यावरचा माईक.

त्या माईकचा भोंगा मुका होता. आणि पंचफुलाबाई आणि बायका पहाटेच नाल्याकडे गेल्या होत्या.

"गावातल्या कोणाला पाठवा," मी म्हणाले.

"कोनाले? कालच्यायले? अजून एक खून पाडाले?" त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली. एक थाळी घेतली, वाजवायला.

"जाकीरभाऊ, तुम्ही ऐकलंय ना काल..."

"ऐकलं. पन बाया हायेत तिथं, ताई. भोंगा म्या काढला. तुमी इथंच थांबा."

मी थांबले नाही. धावताना मी मनाशी एकच धरलं होतं. त्या आवाजात मी ओरडते. मी ओरडलेच नाही, तोंडच उघडलं नाही, तर ते खोटं ठरेल. एक कडी निसटली की सगळी साखळी सुटेल. पडवीतली सब्बल, खणायची लोखंडी पहार, मी दोन्ही हातांत घट्ट धरली होती आणि दात आवळले होते.

नाल्याच्या काठावर जाकीर थाळी बडवत ओरडला, "पया व! अस्वल हाये! पया!" बायका टोपल्या टाकून गावाकडे सुटल्या. पंचफुलाबाई सगळ्यांत पुढच्या मोहाखाली होती, वळणापलीकडे. ती दिसत नव्हती.

अस्वलीण पिल्लाच्या जागेवर उभी होती. वाळू हुंगत होती. तिनं मान वर केली.

अस्वल पळतं तेव्हा बेढब दिसतं, हसू येईल असं. पण तिनं ते अंतर कधी तोडलं ते मला कळलं नाही. जाकीरनं काठी घातली. काठी तिच्या डोक्यावर मोडली. पुढच्या क्षणी तो पाठीवर होता आणि ती त्याच्या छातीवर. तिचे पंजे त्याच्या तोंडावर चालत होते, कोणी घाईघाईनं माती उकरावी तसे. गालाचं कातडं सुटून कानाकडे लोंबलं. आतले दात दिसले. तो किंचाळला आणि ती किंचाळी मला पाठ होती.

मी सब्बल घातली. गादीवर मारल्यासारखी ती केसांत रुतली. पुन्हा घातली, कवटीवर. हातांना झिणझिण्या आल्या. तिनं मान वळवली. तिच्या तोंडाला आंबलेल्या मोहाचा आणि रक्ताचा वास येत होता. तिनं नुसता पंजा फिरवला आणि माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा पडला. सब्बल मी सोडली नाही. मी तिच्या कुशीला उभी होते, जाकीरच्या डोक्याच्या बाजूला, आणि मारत होते. तिनं त्याचा जबडा तोंडात धरला. कडकन वाजलं.

"पया ताई..." तो म्हणाला. तोंडात रक्त भरलं होतं. "पया..."

आता माझी पाळी होती. मला माहीत होतं. घशाशी ते शब्द आले होते. मी ओठ दातांत धरले, इतके की ओठ फाटला आणि माझंच रक्त माझ्या हनुवटीवरून ओघळलं. मी ओरडले नाही. देवाशपथ सांगते, मी तोंड उघडलं नाही.

"मावशी, कुऱ्हाड! कुऱ्हाड आणा!"

माझा आवाज. माझ्या मागून आला. नाल्याच्या तळातून, खालून.

मी वळून पाहिलं नाही. वळले असते तर अस्वलिणीनं मला घेतलं असतं, असं मी स्वतःला सांगते. पंचफुलाबाई वळणावरून धावत आली, पदर खोचलेला, लाकडं तोडायची कुऱ्हाड डोक्यावर. तिनं कुऱ्हाड अस्वलिणीच्या मानेत घातली. पातं दांड्यापर्यंत आत गेलं. ती ओढून काढायला गेली, निघेना. अस्वलीण उठली, दोन पायांवर उभी राहिली, रक्ताची चिळकांडी आम्हा तिघांच्या अंगावर आली, आणि मानेत दांडा लोंबत ठेवूनच ती करवंदीच्या जाळीत घुसली. दुसऱ्या दिवशी ती घळीत मेलेली सापडली.

पंचफुलाबाईनं जाकीरचं डोकं मांडीवर घेतलं, सुटलेला गाल उचलून जागेवर दाबून धरला आणि तशीच ती गावातल्या जीपमध्ये बसली. "निजू नको बाप्पा. निजू नको. माहा कान गेला, तुहं काई जात नाई." अकोल्यापर्यंत तिनं हात काढला नाही.

दवाखान्याच्या आवारात माझ्या हाताला टाके घालून झाल्यावर ती माझ्याशेजारी येऊन टेकली. "बरं झालं पोरी तू ओरडली," ती म्हणाली. "नाई तं मले समजलंच नसतं. मी त माघारी घराकडे निघाली होती पल्याडच्या वाटनं."

"मावशी, मी ओरडले नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या फाटलेल्या ओठाकडे. नंतर तिनं तो विषय कधी काढला नाही आणि मोह वेचायलाही ती पुन्हा गेली नाही.

हात बांधलेला असतानाच मी टेंभीखोऱ्याला जाऊन आले. दिवसाउजेडी, संस्थेच्या बाईंना सोबत घेऊन. त्या सकाळचा माईकवरचा आवाज लावला, न गाळलेला. सगळं होतं. थाळी, बायका, जाकीर, अस्वलीण, माझ्या सब्बलीचे ठोके, कुऱ्हाड. ज्या जागी मी ओरडायला हवं होतं तिथं नुसता जाकीरचा घरघरता श्वास होता आणि वारा. तोच तुकडा गाळून ऐकायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी फंक्शन डेटाबेसमधून काढून टाकलं. सगळे अनोळखी गट पुसले. माझ्या लॅपटॉपवरची मूळ प्रतही पुसली. बाईंनी विचारलं, एवढं चाललेलं काम का काढता? मी म्हणाले, चुकीचं ओळखतंय. त्यांनी मान डोलावली. काम पुन्हा पुण्याकडे गेलं.

जाकीर जगला. एक डोळा गेला. जबडा तारांनी बांधला होता, पावसाळा लागेपर्यंत त्याला बोलता येत नव्हतं. मी दर रविवारी जात होते. नसीमाभाभी तेव्हा मला पहिल्यांदा दिसली. बारीक, शांत बाई. ती माझा बांधलेला हात हातात घेऊन बसायची. माझ्या नवऱ्यासाठी तुम्ही अस्वलाच्या अंगावर गेलात, असं प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. जाकीर मात्र माझ्याकडे बघायचा नाही. मी आले की तो चांगला डोळा मिटून घ्यायचा. मला वाटायचं, दुखत असेल.

तारा काढल्या त्यानंतरच्या रविवारी मी गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. मी स्टूल ओढलं. नसीमाभाभी संत्रं सोलत होती.

"गार्गीताई," तो म्हणाला. शब्द तिरके, चावल्यासारखे येत होते. "एक इचारू का? रागानं नाई. मले फकस्त समजून घ्याचं हाये."

"विचारा ना."

"ती छातीवर याच्या आंधी मी उठलो होतो. अर्धा उठलो होतो. मले पयता आलं असतं." त्यानं श्वास घेतला. "तुमी मांगून माहे पाय काऊन धरले?"

"मी... जाकीरभाऊ, मी तुमच्या डोक्याशी होते. माझ्या दोन्ही हातांत सब्बल होती."

"म्या पाह्यलं ना वळून." त्याचा एक डोळा माझ्या चेहऱ्यावर स्थिर होता. त्यात राग नव्हता, हे खरं. "तुमीच होत्या. वाळूत आडव्या पडल्या होत्या. हासून राह्यल्या होत्या."

त्यानं पायांवरची चादर बाजूला केली. दोन्ही घोट्यांवर निळे-काळे डाग होते. चार बोटं आणि एक अंगठा. चार बोटं आणि एक अंगठा. इतके महिने झाले होते, जखमा भरून आल्या होत्या, पण ते डाग काल उठल्यासारखे ताजे होते. मी नकळत हात पुढं केला. हात त्यावर टेकवला नाही, नुसता वर धरला. माप तंतोतंत होतं.

नसीमाभाभीनं संत्रं खाली ठेवलं. चादर ओढून तिनं त्याचे पाय झाकले, कडा गादीखाली खोचल्या, आणि उठून ती माझ्या आणि त्याच्या मध्ये येऊन बसली.